खंडूआबा पाणी का पीत नव्हते

म्हाताऱ्या माणसाला घरी जाऊन तपासायचं असेल तर आधी पेशंट बघू नये, आधी मोरी बघावी. खाटेपासून मोरी किती लांब आहे, मधे उंबरा आहे का, फरशी ओली राहते का, धरायला भिंतीत एखादा खुंटा तरी आहे का. हे बघून झालं की मग स्टेथोस्कोप काढावा. मी असं सांगितलं की नवे डॉक्टर हसतात. हसू द्या. मीही सरकारी आरोग्य केंद्रात अर्धं आयुष्य काढलं, तेव्हा एकाही पेशंटची मोरी मी बघितली नव्हती. पेशंट माझ्याकडे यायचे, आणि जो म्हातारा आपल्या पायानं माझ्यापर्यंत येऊ शकतो तो तसा धडधाकटच म्हणायचा. जे येऊ शकत नव्हते ते मला कधी दिसलेच नाहीत.

ते दिसले निवृत्तीनंतर. घरात बसून मेथी निवडत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि माझं घरात बसणं आमच्या घरच्यांच्याही फारसं पचनी पडत नव्हतं. तेवढ्यात शहरातल्या एका संस्थेनं विचारलं, थकलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघणारं एक पथक करतोय, येता का? पथक शब्द ऐकून मला वाटलं पंधरावीस माणसं असतील. होतो तिघंच. मी, नंदा सिस्टर आणि इम्रान.

नंदा सिस्टर म्हणजे बोलका रेडिओ. मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळून आलेली बाई, कुणाचं ऐकून घेणारी नाही. इम्रान आमचा फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम देऊन माणसाला पुन्हा उठवणारा, चालवणारा. उंचापुरा, गोरागोमटा आणि इतका हळवा की पेशंट चार पावलं चालला की ह्याचेच डोळे भरायचे. गाडीही तोच चालवायचा. बोलायचा अर्धं मराठी, अर्धं आमच्या शहराचं दख्खनी, आणि त्याला स्वतःला कळायचं नाही कधी कुठलं सुरू झालं ते.

"थकलेले" म्हणजे काय, ते सांगते. ह्या माणसांना एक मोठा आजार नसतो. थोडं हृदय दमलेलं, थोडी किडनी, गुडघे गेलेले, दिसायला कमी, भूक मेलेली. जुन्या गोधडीला हात लावावा तिथं उसवावं, तसं. एका ठिकाणी ओढलं की दुसरीकडे फाटतं. मी हृदयासाठी गोळी द्यावी तर त्यानं चक्कर येणार, चक्कर आली की माणूस पडणार, पडला की हाड मोडणार. म्हणून एकट्या डॉक्टरचं हे काम नाही. हे मला पटायला वेळ लागला, कारण डॉक्टरला आपण एकटे पुरे नाही हे पटायला वेळच लागतो.

सुरुवातीला तर आम्ही नुसता गोंधळ घालायचो. फुलंब्रीला एक निवृत्त हेडमास्तर होते. मी त्यांना म्हटलं मीठ कमी करा, सिस्टर म्हणाल्या ताकात मीठ घालून प्या, इम्रान म्हणाला दिवसातून दोनदा जिना चढा, तर मी म्हटलं जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही. सरांनी चष्मा काढला आणि आम्हा तिघांना वर्गाबाहेर काढावं तशा आवाजात म्हणाले, "आपण आधी आपसात ठरवून या. मग मला बरं करा."

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. घरात बोलायचं एकानंच. बाकीच्या दोघांनी नुसतं बघायचं. आणि परत निघाल्यावर गाडीत ज्यानं त्यानं काय बघितलं ते सांगायचं, मधे तोडायचं नाही. मधे न तोडण्याचा नियम मी आणि सिस्टर दोघींनीही कधी पाळला नाही, पण गाडीतलं बोलणं मात्र कधी चुकलं नाही. आमचं खरं काम त्या गाडीत व्हायचं.

आता खंडूआबा.

पडेगावच्याही पुढं, दौलताबाद रोड सोडून आत गेलं की चार घरांची वस्ती होती. आबा ऐंशीच्या घरातले, जन्म मेंढरांमागं गेलेला. आता मेंढरं पुतण्याकडं दिली होती, आणि आबा त्यांच्या वाड्यात जाऊन एकेकीच्या पाठीवर हात फिरवून यायचे, तेवढंच. तिथंच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरात ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके निघाले. दवाखान्यानं वॉकर देऊन घरी पाठवलं आणि आम्हाला कळवलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो. खरी शर्यत तिथून सुरू होते. ह्या वयात माणूस त्या पहिल्या काही आठवड्यांत उठून चालला तर चालला. नाहीतर खाट धरतो, आणि खाट धरलेला म्हातारा फार दिवस काढत नाही. म्हणून इम्रान पहिल्याच दिवशी त्यांना उभं करून, दोन पावलं टाकायला लावून आला. घरच्यांना दाखवलं, असं धरायचं, असं उठवायचं, दिवसातून चार वेळा.

घरचे म्हणजे मुलगा सोपान आणि सून लता. आबांची बायको आधीच गेलेली. सोपान वाळूजला कंपनीत, पहाटे निघायचा, दिवस मावळता परतायचा. दिवसभर घरात आबा आणि लता, दोघंच. मी विचारायची, "व्यायाम होतो का?" लता दाराआडून मान हलवायची. "पाणी पितात का?" मान हलायची. "जेवतात?" मान हलायची. इतकी गुणी सून, मी मनात म्हणायची.

आणि आबा मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. ब्लडप्रेशर खाली. संध्याकाळी बरळायचे, मेलेल्या बायकोला हाका मारायचे. रक्त तपासलं तर किडनी कुरकुरायला लागलेली. मी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. फरक नाही. पुढच्या भेटीला बघितलं तर गाल बसलेले, जीभ लाकडासारखी कोरडी. आबांना मी म्हटलं, "आबा, पाणी का पीत नाही?"

"पितो की," आबा म्हणाले. "तहान नाय लागत."

मी ठरवून टाकलं, उद्याच्या उद्या भरती करायचं आणि सलाईन लावायची. सोपान घरी नव्हता, फोनवर सांगितलं. तो बिचारा रडवेला झाला. "मॅडम, आबा आता दवाखान्यातून माघारी येत नाय, व्हय ना?" मी काहीतरी धीराचं बोलले, पण मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

गाडीत बसलो. दौलताबाद रोडला लागलो, तेव्हा इम्रान म्हणाला, "मॅडम, एक बात बोलू? वॉकर के रबराला माती नहीं है. इतके दिवस झाले, रबर अजून कोरं करकरीत. वो वॉकर चलाच नहीं."

"असं कसं? ती लता हो म्हणते की," मी म्हटलं.

"हो म्हणते हो," सिस्टर म्हणाल्या, "पण तुम्ही तिचा आवाज कधी ऐकलाय का आबांसमोर? चूल पेटवताना माझ्याशी मस्त बोलते. आबांच्या खोलीत आली की मुकी. आणि तो तांब्या! खाटेशी ठेवलेला तांब्या दर वेळी काठोकाठ भरलेला असतो. मला वाटायचं, किती लक्ष ठेवते, लगेच भरून ठेवते. अहो, तो भरायचा प्रश्नच येत नाही, तो रिकामाच होत नाही!"

आता माझी पाळी. माझ्याकडं एकच गोष्ट होती. लघवीचं मी सोपानला विचारलं होतं, आणि तो सहज बोलून गेला होता, "मी सकाळी निघायच्या आधी नेतो, आन् रात्री आल्यावर नेतो. मधे लागतच नाय त्येंना."

मी हे मोठ्यानं म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. इम्राननं गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला सीताफळवाली बाई बसली होती, तिला वाटलं गिऱ्हाईक आलं. ती उठून खिडकीशी आली, पाटी पुढं केली, आणि आम्ही तिघं तिच्याकडं न बघता एकमेकांकडं बघत बसलेलो.

मोरीला न्यायला दिवसा घरात दुसरं कुणी नाही, फक्त सून. आमच्याकडच्या जुन्या घरांत सून सासऱ्यासमोर बोलत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. काही सांगायचं असलं तरी त्यांच्याकडं न बघता सांगायचं, "जेवायला वाढलंय म्हणावं", आणि ते भिंतीला म्हणायचं. आणि आम्ही शहाणे काय सांगून आलो? तर तिनं सासऱ्याच्या कमरेत हात घालून त्यांना उठवावं, दिवसातून चार वेळा. तिनं नाही म्हणायचं धाडस केलं नाही, मान हलवली. आणि आबांनी त्यातून आपला मार्ग काढला. पाणीच प्यायचं नाही. अन्नही चिमणीएवढंच. म्हणजे उठायला नको, आणि खाटेवर काही झालं तर सुनेला काढायला नको.

"या अल्ला," इम्रान म्हणाला. "तहानेनं मरायला निघालेत."

त्यानं गाडी वळवली. वाटेत आमचं जोरदार भांडण झालं, बोलायचं कुणी यावरून. मला दोघांनी एकमतानं गप्प बसायला सांगितलं. "मॅडम, तुमचा आवाज चढतो," सिस्टर म्हणाल्या. हे कोण सांगतंय बघा! पण कबूल केलं. ठरलं की इम्रान आबांशी बोलणार.

वस्तीवर पोचल्यावर इम्राननं गाडीतला कमरेचा पट्टा आत नेला. जाड, बक्कल असलेला. पेशंटच्या कमरेला बांधायचा आणि मागून धरायचं, म्हणजे अंगाला हात न लावता तोल सांभाळता येतो. इम्राननं तो मोठ्या कौतुकानं आबांसमोर धरला. आबांनी नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"मी काय म्हैस हाय, दावं लावायला?"

"नहीं आबा, देखो तो," म्हणून इम्राननं पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला, पाय ओढत खाटेसमोर चालून दाखवलं, मागून पट्टा धरून आमच्या सिस्टर. हा ताडमाड, त्या त्याच्या खांद्यालाही लागत नाहीत. दाराआड लता तोंडाला पदर लावून हसत होती. आबा हसले नाहीत. "तुमचं झालं का? मंग जावा आता. नाय लागत मला काय."

मग मात्र मला राहवलं नाही. नियम गेला खड्ड्यात.

"आबा, तुम्हाला तहान लागते," मी म्हटलं. "लई लागते. तुम्ही पाणी का पीत नाही ते कळलंय मला. लाज वाटते म्हणून माणूस जीव देतो का?"

इम्राननं कपाळाला हात लावला. आबांनी नजर छताकडं वळवली. मग जे बोलले ते मला नाही, सिस्टरलाही नाही, छतालाच बोलले.

"दुसऱ्याची लेक हाय ती. म्या मागून आणली ह्या घरात. तिच्या बापाला शब्द दिला, लेकीगत ठिवीन म्हणून. ती काय म्हाताऱ्याची घाण काढायला आणली का? मेलो तर मेलो. तिच्या हातनं ते नाय करून घ्यायचं मला."

दहा वर्षं शिकलेलं सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. माझा राग कुठल्या कुठं गेला.

दाराआडून लताचा आवाज आला. सिस्टरकडं बघत, पण ऐकू जाईल असा.

"सिस्टर, म्हणावं, माझा बाप खाटेवर पडून व्हता तवा मी हितं व्हते. त्येचं करायला मला घावलं नाय. हे तरी करू द्या म्हणावं."

सिस्टरनं ते पुढं सांगायची गरजच नव्हती, पण त्यांनी सांगितलं. शब्द न् शब्द. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा इतकं कमी आणि इतकं हळू बोलली असेल.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता उद्या भरती. पण त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी डोक्याचा पटका सोडायला घेतला. लांबलचक लाल पटका, वेढा वेढा उलगडत खाटेवर पडला. खाली पांढरं, विरळ, पोराच्या जावळासारखं डोकं. लग्न होऊन आल्यापासून सुनेनं ते डोकं कधी बघितलेलं नसणार. तिनं चटकन खाली बघितलं.

"तुमचं दावं ठिवा तुमच्यापाशी," आबा इम्रानला म्हणाले. "ह्यो बांधा."

इम्राननं दोन पदर करून तो कमरेला बांधला, मागं घट्ट गाठ मारली, दोन्ही टोकं मोकळी सोडली. लता पदर सावरत आत आली आणि टोकं हातात धरली. आबा वॉकरला रेटून उठले. मागून ओढ बसली, ते सावरले. एक पाऊल. दुसरं. इम्रान बाजूनं चालत होता, हात पुढं, न लावता. दारापाशी आले तेव्हा आबांची नजर समोर होती आणि वॉकर उंबऱ्याला अडणार होता.

"मामा, उंबरा," लता म्हणाली.

भिंतीला नाही, सिस्टरला नाही, सरळ त्यांना. तिचं तिलाच कळलं नसावं. आबा थांबले, वॉकर उचलून पुढं ठेवला, पाय उचलला. मोरीपर्यंत गेले, दार लोटून घेतलं. ती बाहेर पाठमोरी उभी राहिली. परत येऊन खाटेवर टेकले तेव्हा धाप लागलेली होती. मी तांब्या पुढं केला. अर्धा तांब्या एका दमात प्याले, बंडीवर सांडत, आणि मग उरलेला. इम्रान अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला काय झालंय ते मला बघायची गरज नव्हती.

भरतीची गरज लागली नाही. आबा सावरले. दिवाळीनंतर काठीवर आले, मेंढरांच्या वाड्यापर्यंत जायला लागले, मागं लता. जाता जाता काय काय बोलायला लागली ती दोघं! पुतण्यानं कोकरू कसं लंगडं ठेवलंय, सोपान किती उशिरा जेवतो. सोपान एकदा मला म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं ह्या घरात मी एकटाच बोलतो. आता माझा नंबरच लागत नाय."

आम्ही आमच्या गाडीत जाम खूश. संस्थेच्या बैठकीत मी ही गोष्ट चारचौघांत सांगितली, तर एका हुशार माणसानं विचारलं की ह्यात डॉक्टरनं नेमकं काय केलं. मी म्हटलं, एक गोळी बंद केली आणि एकदा नको तेव्हा तोंड उघडलं. ह्याला आम्ही पथक म्हणतो. त्याला काही ते समजलं नाही.

पण थकलेलं माणूस कायमचं बरं होत नाही. ते काही महिने मिळतात, चांगले, एवढंच. हे लपवून नुसती गोड गोष्ट सांगायची मला सवय नाही. पुढच्या थंडीत आबांच्या छातीत कफ भरला, मग हृदयानं साथ सोडली. पाय सुजले, बसूनच झोपायला लागले. आम्ही तिघं गेलो. मी सोपानला बाहेर घेऊन सांगितलं, दवाखान्यात नेलं तर नळ्या लागतील, कदाचित थोडे दिवस वाढतील, कदाचित नाही. इथं ठेवलं तर आम्ही येत राहू, त्रास कमी करू. तो म्हणाला, आबांनाच विचारा. विचारलं.

आबांना बोलायला दम पुरत नव्हता. बोटानं दाराकडं दाखवलं. "लताला इचारा."

ती आत आली, खाटेशी बसली, पदर सावरलाही नाही. त्यांच्याकडं बघत म्हणाली, "तिथं कशाला? तिथं तुमाला कोण उठवंल?"

ते इथंच राहिले. सिस्टर जात होत्या रोज, मी अधूनमधून. आणि एका सकाळी सोपानचा फोन आला.

आमच्या पथकाची एक पद्धत होती. माणूस गेल्यावर एकदा त्या घरी जायचं, बॅग न घेता. बीपीचं मशीन नाही, फाईल नाही, नुसतं बसून यायचं. पुष्कळांना हे वायफळ वाटतं. आम्ही गेलो. अंगणात सतरंजी टाकलेली, पुतणे, भाऊबंद बसलेले. लतानं चहा आणला, कप ठेवले आणि आत जाईल असं वाटलं तर चारचौघांच्या देखत आमच्यासमोर बसली. डोळे रडून सुजलेले, पण आवाज स्वच्छ.

सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. "फार त्रास झाला का गं शेवटी?"

"उठायला येत नव्हतं त्येंना," ती म्हणाली. "धोतर, पांघरूण, आंग पुसणं, समदं मीच केलं, सिस्टर. मामानं करू दिलं मला."